भूत समजून घातलेले घाव : रसगोविंदपूर, १९५८

अंधश्रद्धेतून झालेल्या हिंसेबद्दल बोलताना आपण दोन टोकांवर असतो. कुणी म्हणतं, 'बिचाऱ्याला खरंच भूत वाटलं, त्याचा काय दोष?' आणि कुणी म्हणतं, 'भूत-बित सगळी सबब.' ओडिशातला एक खटला या दोन्ही वाक्यांना पुरून उरतो. कायद्याच्या वर्गात तो दहा मिनिटांत शिकवतात आणि पुढे सरकतात. इथे तो सावकाश पाहू. निकालपत्रात सगळ्यांची नावं आहेत, पण ती माणसं खाजगी आयुष्य जगणारी होती, म्हणून इथे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

मयूरभंज आणि बालेश्वर या भागांच्या सीमेलगत रसगोविंदपूर हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथे लष्करी विमानतळ बांधला, अमर्दा रोड नावाचा. जुलै १९४५ मध्ये इथल्या सरावाच्या उड्डाणात दोन लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि १४ जण ठार झाले. युद्ध संपलं, गोरे गेले आणि धावपट्टी ओस पडली. मागे उरलं ते विमानांचं भंगार. ते मोलाचं असल्यानं राखणीला दोन चौकीदार ठेवलेले होते.

आसपास संथाळ आणि माझी आदिवासींच्या वस्त्या. तळाच्या मोकळ्या माळातून एक पायवाट जायची. रात्री तिथे भुतं फिरतात अशी सगळ्या पंचक्रोशीत बोलवा होती. विमानांच्या त्या अपघाताचा आणि या बोलव्याचा काही संबंध होता का, याबद्दल निकालात एक अक्षरही नाही. पण ओसाड लष्करी तळाला असली ख्याती चिकटायला वेगळं कारण लागत नाही.

१९५८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याचा एक व्यापारी हे भंगार विकत घ्यायला आला. सोबत त्याचा नेपाळी नोकर होता आणि नोकराच्या कमरेला खुकरी. दोघांचा मुक्काम गावातल्या एका चहावाल्याकडे.

त्या रात्री काय झालं

२० मे १९५८, रात्री नऊचा सुमार. शेजारच्या तेलकुंडी गावचा एक आदिवासी माणूस चहाच्या दुकानात आला आणि रात्रीपुरता आसरा मागू लागला. घर लांब नव्हतं, पण वाट त्या माळावरून जाणारी. भुतांच्या भीतीनं एकट्यानं जायची त्याची छाती नव्हती.

इथे या प्रकरणाला पहिलं वळण मिळालं. व्यापारी आणि त्याचा नोकर या दोघांनाही भूत बघायची मोठी हौस होती. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी चहावाल्याला आणि त्या पाहुण्याला गळ घातली, चला, भुतं बघून येऊ. चौघं निघाले. पाहुण्याला तेलकुंडीत पोहोचवलं आणि उरलेले तिघं त्याच वाटेनं परत फिरले.

परतताना तळावरच्या जुन्या चार नंबरच्या छावणीपाशी त्यांना वाटेपासून सुमारे ४०० हातांवर एक उजेड दिसला. वारा जोराचा होता, त्यात तो उजेड हलत होता. आपल्याकडे कोकणात ज्याला आग्या वेताळाची मशाल म्हणतील, तसलाच तो प्रकार त्यांना वाटला. उजेडाभोवती आकृत्या हलताना दिसत होत्या. भुतं नाचताहेत अशी तिघांचीही खात्री झाली आणि तिघंही तिकडे धावत सुटले.

नोकर सगळ्यांत आधी पोहोचला. त्यानं खुकरी उपसली आणि समोर येईल त्यावर सपासप वार करत सुटला. मागून धापा टाकत आलेला चहावालासुद्धा त्याला ओळखू आला नाही. त्याच्यावरही घाव बसला. 'नेपाळ्यानं मला मारलं' असं तो ओरडला, जखमी बायकांचाही आक्रोश उठला, तेव्हा कुठे खुकरी थांबली.

त्या आकृत्या माझी जमातीच्या बायका होत्या. मोहाच्या झाडाखाली कंदील ठेवून त्या फुलं वेचत होत्या. त्यांतली एक ठार झाली, दोघी गंभीर जखमी झाल्या.

गडचिरोली-गोंदियाच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फुलं रात्रीतून गळतात, ती जनावरांच्या आणि इतरांच्या आधी गोळा करायची तर अंधारातच निघावं लागतं. गावाला जी जागा भुताची वाटत होती, ती या बायकांसाठी मोसमातल्या मिळकतीची जागा होती. निकालात हा मुद्दा असा मांडलेला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. माळावर भुतं आहेत असा 'सगळ्यांचा' विश्वास होता, असं आपण सहज म्हणून जातो. या सगळ्यांत त्या बायका धरल्या होत्या का? कदाचित त्यांचाही असेल. तरी कंदील घेऊन त्या गेल्याच होत्या.

प्रश्न कोणता होता

आरोप गंभीर होते. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ३०२, ३२६ आणि ३२४, म्हणजे खून, घातक हत्यारानं गंभीर दुखापत आणि घातक हत्यारानं दुखापत. घाव कुणी घातले यावर वाद नव्हता. आरोपी दारू प्यालेला होता किंवा वेडा होता, असंही कुणाचं म्हणणं नव्हतं. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. प्रश्न एवढाच उरला : समोर माणूस आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्यानं माणूस मारला असं म्हणायचं का?

कायद्याचा आधार कलम ७९ मध्ये होता. वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजामुळे, पण सद्भावनेनं, आपलं कृत्य कायद्याला धरून आहे असं मानून कुणी काही केलं तर तो गुन्हा होत नाही. भुताला मारणं हा काही गुन्हा नाही. म्हणजे त्याला दिसलं ते खरं असतं तर तो निर्दोष होता. अडत होतं ते 'सद्भावना' या शब्दाशी. कलम ५२ सांगतं की पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली असं म्हणता येत नाही. नुसतं मन साफ असून भागत नाही, डोळेही उघडे असावे लागतात.

न्यायालयापुढचे मार्ग

पहिला मार्ग खुनाची शिक्षा. तो जवळजवळ बंदच होता, कारण माणसाला मारण्याचा हेतूच सिद्ध होण्यासारखा नव्हता.

दुसरा मार्ग मधला, कलम ३०४-अ, म्हणजे बेदरकार किंवा निष्काळजी कृत्यानं मृत्यू. अंधारात हालणाऱ्या आकृत्यांवर, हाक न मारता, हत्यार चालवणं हे निष्काळजीपणाचं नाही काय? सामान्य वाचकाला हाच मार्ग रास्त वाटेल. पण सद्भावना मान्य झाली की हा मार्गही बंद होतो, कारण कलम ७९ लागू झालं की गुन्हाच उरत नाही, लहानही नाही आणि मोठाही नाही.

तिसरा मार्ग संपूर्ण सुटकेचा. त्याला आधीच्या निकालांची पायवाट होती. १९२६ च्या लाहोरच्या एका निकालात स्मशानाजवळ दिसलेल्या माणसाला भूत समजून मारणारा आरोपी सुटला होता, निष्काळजीपणाच्या कलमातूनसुद्धा. १९४३ च्या पाटण्याच्या निकालात एका बाईनं मध्यरात्री घराजवळ एक विवस्त्र, ओणवी आकृती पाहिली. एका बाजूला केरसुणी बांधलेली, दुसऱ्या बाजूला फाटकी चटई. माणसं खाणारी काहीतरी चीज आहे असं समजून तिनं कुऱ्हाड घातली. ती निघाली तिची जाऊ. तीही अपिलात सुटली. आणि १९५२ मध्ये आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयानं अशा बापाला सोडलं होतं, ज्यानं आजारानं भ्रमिष्ट झालेल्या अवस्थेत स्वतःच्या एकुलत्या मुलाला वाघ समजून कुऱ्हाडीनं मारलं होतं.

निकाल

मयूरभंजच्या सत्र न्यायालयानं नोकराला निर्दोष सोडलं. सरकारनं अपील केलं. ओडिशा उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. हा निकाल १९६० च्या निर्णयसंग्रहात आहे आणि आजही उद्धृत होतो.

सरकारी वकिलांचा जोर काळजीच्या अभावावर होता. न्यायालयाचं उत्तर असं की आणखी काळजी घेतली असती तर हा प्रसंग टळला असता, एवढ्यावरून संरक्षण नाकारता येत नाही. काळजी किती, हे माणूस आणि प्रसंग पाहून ठरवायचं. हा विचार जुनाच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १८८८ मध्येच म्हटलं होतं की कायदा सर्वांकडून एकाच मापाच्या दक्षतेची अपेक्षा करत नाही. इथे माणूस परमुलखातला नोकर होता, भुतांवर त्याचा ठाम विश्वास होता. त्याच्याहून शिकलेल्या, अधिकारानं वरच्या मालकालाही तीच भुतं दिसत होती. मालकानं त्याला अडवलं नाही, चहावाल्यानंही नाही. मग एकट्या नोकरानं शंका घ्यायला हवी होती, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मला हा युक्तिवाद पटतो आणि पटत नाही. नोकरावर ३०२ लावू नये, इथवर न्यायालय बरोबर आहे. पण ज्या कारणानं नोकर सुटतो, त्याच कारणानं बोट मालकाकडे वळतं. आणि ते बोट वळून हवेतच राहतं.

जबाबदारीचे तीन क्षण

कायद्यानं फक्त घाव घालण्याचा क्षण तपासला. नैतिक जबाबदारी मोजायची तर त्याआधीचे क्षणही पाहावे लागतात.

पहिला चहाच्या दुकानातला. तेलकुंडीच्या माणसाचाही भुतांवर विश्वास होता. त्या विश्वासानं त्याला काय करायला लावलं? रात्र होताच दुसऱ्याच्या ओसरीवर मुक्काम. व्यापाऱ्याच्या आणि नोकराच्या विश्वासानं काय करायला लावलं? मध्यरात्री तमाशा बघायला नेलं. श्रद्धा तीच, पण एकाच्या हातून ती कुणाचं नखही दुखवत नाही आणि दुसऱ्याच्या हातून एक जीव घेते. तेव्हा 'अंधश्रद्धेनं बळी घेतला' हे वाक्य अर्धवट आहे. अंधश्रद्धेत हौस मिसळली आणि हौसेच्या कमरेला हत्यार होतं. भूत बघायला जाताना खुकरी कशाला, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असता तर पुढचं सगळं टळण्याची शक्यता होती. अर्थात ती त्याच्या अंगावर रोजचीच असेल, टोपीसारखी. पण मालकानं 'ठेव ती इथे' म्हणायला हरकत नव्हती.

दुसरा क्षण उजेड दिसल्याचा. ४०० हात हे अंतर लहान नाही, आजच्या मापानं पावणेदोनशे ते दोनशे मीटर. तेवढं पळायला वेळ लागतो. ज्याला खरी धडकी भरते तो उलट्या पावली पळतो. हे तिघं त्या उजेडाकडे पळाले. म्हणजे स्वतःचा जीव वाचवायचा म्हणून घातलेला हा वार नव्हता. भुतानं त्यांच्यावर झडप घातलेली नव्हती, त्यांनीच भुतावर झडप घातली. पाटण्याच्या प्रकरणात आकृती आरोपीच्या घराजवळच दिसली होती. इथे आरोपी आकृतीपर्यंत गेला. हा फरक निकालात ठसठशीतपणे यायला हवा होता, असं माझं मत आहे. अंतर असलं की थांबायला, हाक मारायला, उजेड टाकायला जागा असते. आपल्याकडे रात्री अनोळखी सावली दिसली तर 'कोण हाय रं?' असा पुकारा करायची रीत आहे. ती जशी चोरासाठी आहे तशीच अशा चुकीसाठी आहे.

तिसरा क्षण पहिल्या घावानंतरचा. आरडाओरडा झाल्यावर नोकर थांबला, हे त्याच्या बाजूनं जातं. माणसाचा आवाज ऐकल्यावर त्याचा भ्रम फुटला. समोर माणूस आहे हे कळूनही तो मारत राहिला असता तर कलम ७९ त्याच्या कामी आलं नसतं. त्याच्या निर्दोषत्वाचा सगळ्यात भक्कम पुरावा मला हाच वाटतो.

भूत समोर असणं आणि भूत अंगात असणं

या निकालाचा आधार घेऊन एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो : भुतावर विश्वास होता, म्हणून सुटला. नाही. त्याला समोर माणूस दिसलाच नाही, म्हणून सुटला.

आता भगत किंवा मांत्रिक एखाद्या मुलीला 'बाधा' झाली म्हणून बांधून मारतो तेव्हा काय होतं ते पाहा. समोर मुलगी आहे, हे त्याला नीट ठाऊक असतं. तिचं नाव, तिचं वय, तिचे आईबाप ठाऊक असतात. घाव भुताला लागतो अशी त्याची समजूत असली तरी वळ कुणाच्या पाठीवर उठतील हेही तो जाणतो. त्याची चूक वस्तुस्थितीबद्दलची नाही. ती 'मला हे करण्याचा अधिकार आहे' या समजुतीची आहे, आणि तिला रसगोविंदपूरचा निकाल छत्र धरत नाही. चेटकीण ठरवून बाईला मारणाऱ्यांनाही नाही.

जर्मनीत याची परीक्षा झाली. बव्हेरियातल्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला अपस्माराचं निदान झालेलं होतं. घरच्यांची खात्री की तिच्यात सैतान शिरला आहे. बिशपची परवानगी घेऊन दोन पाद्र्यांनी तिच्यावर दहा महिन्यांत ६७ वेळा झपाटा उतरवण्याचे विधी केले. जुलै १९७६ मध्ये ती उपासमारीनं आणि शरीरातलं पाणी आटून मेली. तिचं वजन ३१ किलोच्या आसपास उरलं होतं. १९७८ मध्ये आईबाप आणि दोन्ही पाद्री निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले, शिक्षा सहा महिन्यांची आणि तीही स्थगित. त्यांची श्रद्धा खोटी होती असं न्यायालयानं म्हटलं नाही. डॉक्टर बोलावला नाही, हा त्यांचा दोष ठरला.

आणि झपाटलेल्यानंच कुणाला मारलं तर? १९८१ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रुकफिल्डमध्ये एका तरुणानं आपल्या घरमालकाला भोसकून मारलं. त्याच्या वकिलानं बचाव मांडायचा ठरवला तो असा की कृत्य सैतानाचं आहे, याचं नाही. न्यायाधीशांनी तो बचाव ज्युरीपुढे येऊच दिला नाही, कारण तो कोणत्याही पुराव्यानं सिद्ध होण्यासारखा नव्हता. तरुण सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, शिक्षा १० ते २० वर्षं, प्रत्यक्षात भोगली सुमारे पाच.

आपल्या कायद्यात 'अंगात आलं होतं' हा वेगळा बचाव नाही. त्यामागे खराखुरा मानसिक आजार असेल आणि त्यामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची शक्तीच त्या वेळी उरली नसेल, तर पूर्वीच्या दंड संहितेतल्या ८४ व्या आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतल्या २२ व्या कलमाचा आधार मिळतो. १९६४ मध्ये गुजरातमधल्या एका खुनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी तो सरकारी पक्षाइतका जड नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरे. पण पारड्यात टाकायला वैद्यकीय कागद हवा, कृत्याआधीचं आणि नंतरचं वागणं हवं. भगताचा अंगारा तिथे चालत नाही. उलट महिनोन्महिने भगताकडे नेल्यामुळे डॉक्टरकडे नोंदच होत नाही, आणि खरोखर आजारी असलेला माणूसही हा बचाव सिद्ध करू शकत नाही. या विषयावर काम करणाऱ्यांनी घरच्यांना हे जरूर सांगावं. 'डॉक्टरकडे न्या' हा उपदेश ज्यांना पटत नाही, त्यांना 'उद्या कोर्टात कागद लागेल' हे कधी कधी पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं जबाबदारीचा क्षण अलीकडे ओढला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि त्याच वर्षी अधिनियम आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, केसांना धरून लटकवणं हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवणंही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे कुणी मरेपर्यंत थांबावं लागत नाही.

पण रसगोविंदपूरसारख्या प्रसंगाला हा कायदाही लागला नसता. तिथे भगत नव्हता, उतारा नव्हता, फसवणूक नव्हती. आज तसंच घडलं तर कलम ७९ च्या जागी न्याय संहितेचं १७ वं कलम येईल, मजकूर जवळपास तोच. निकाल मात्र तोच लागेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 'पुरेशी काळजी' हे माप काळाबरोबर बदलतं. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलला बॅटरी असताना दोनशे मीटर पळत जाऊन न पाहता वार करणाऱ्याला हे माप १९५८ इतकं सैल लावता येणार नाही.

त्या तिघी बायकांच्या बाबतीतला बदल जास्त ठोस आहे. त्या खटल्यात त्यांचं स्थान मृत, जखमी आणि साक्षीदार एवढंच होतं. आरोपी सुटला तिथे प्रकरण मिटलं. २००९ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन पीडितांना सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला, आणि राज्याच्या योजनेतून भरपाईची सोयही झाली. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडितांच्या पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, ४१३ आणि ३९६ या कलमांत, या दोन्ही तरतुदी आहेत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि पात्र असणाऱ्यांना तिथला वकील मोफत मिळतो.